अपर्णाचं पान

या, आडव्या व्हा दोघी. मुक्ता, पाय काढ आधी माझ्या पोटावरून. आणि अपर्णे, तू भिंतीकडे तोंड करून पडलीस तरी मला कळतंय हं, डोळे टक्क उघडे आहेत ते.

आज मला राग आलाय. तुमचा नाही. त्या बारशातल्या मोबाइलवाल्या बाईचा. काय तर म्हणे, सगळ्या पोरींच्या नावांचे अर्थ बघू या. मुक्ता म्हणजे मोती, छान छान. आणि अपर्णा म्हणजे? पान नसलेली. "अय्या, म्हणजे बोडकं झाडच की," म्हणाली. बाकीच्या बायाही हसल्या, घुगऱ्या चघळत. कुणाच्या घरच्या बारशाला आलोय, कुणाच्या पोरीला काय बोलतोय, काही पोच नाही. आणि आमची ही घरी येऊन मला सांगते, आजी, मला नाव बदलायचंय.

बदलू हो. सकाळी उठल्यावर बदलू. पण आधी गोष्ट ऐक. आज जरा तावातावात सांगणार आहे, तेव्हा मध्ये कुणी बोलायचं नाही.

तर, एक होता राजा. राजाला कान होते दोन. एक भिकबाळी घालायला आणि दुसरा उशीवर टेकवायला. ऐकण्यासाठी म्हणून एकही नव्हता. त्याच्या वतीनं ऐकायचे ते शास्त्रीबुवा. हे शास्त्रीबुवा म्हणजे असे, बरं का, की शब्द दिसला रे दिसला की त्याचे तुकडे करायचे आणि तुकड्यांचा अर्थ सांगून मोकळे व्हायचे. लोक त्यांना फोडशास्त्री म्हणत. फोडशास्त्री म्हणाले की राजानं मान हलवायची, असं त्या राज्याचं चालायचं.

मग एकदा काय झालं, राजाला मुलगी झाली. राजा खाण्यापिण्याचा मोठा शौकीन, त्यानं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, अन्नपूर्णा. बाराव्या दिवशी बारसं. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, गावातल्या सगळ्या बायका जमलेल्या. आता बाळाच्या कानात नाव सांगायचं कुणी? आत्यानं. म्हणून राजाची बहीण मंजुळाआत्या सासरहून आली होती. आणि आत्या नाव सांगायला वाकली की बाकीच्या बायकांनी काय करायचं? बरोबर, तिच्या पाठीत धपाटे घालायचे. गमतीचे. आजही त्या बारशात घातलेच ना.

तर मंजुळाआत्या वाकली, "कुर्रर्र" केलं आणि म्हणाली, "अ..." तेवढ्यात मागून राणीच्या थोरल्या जाऊबाईंनी दिला एक धपाटा. बाई दणकट होती. "न्न" गळालं ते पाळण्याखाली गेलं. आत्या पुढं म्हणते "पू...", तर दुसरा धपाटा. "पू"चं शेपूट तुटलं. मग उरलं काय? अ, प आणि र्णा. अपर्णा. तिसरा धपाटा पडेपर्यंत नाव बाळाच्या कानात गेलंसुद्धा. आणि एकदा कानात गेलेलं नाव परत निघत नाही, हे तुम्हांला माहीत आहे.

बाहेरून राजानं विचारलं, "काय ठेवलं नाव?"

आत्या म्हणाली, "अपर्णा."

"अन्नपूर्णा ठरलं होतं ना गं?"

आता खरं सांगायचं की नाही? पण आत्या घाबरली. तिला वाटलं, दादा रागावला तर माहेर तुटेल. तिनं थाप मारली. "दादा, ऐन वेळी देवीनंच माझ्या तोंडून हे वदवलं." मला त्या आत्याचाही राग येतो, सांगून ठेवते. प्रेमळ होती, पण त्या दिवशी तिनं तोंड उघडलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

देवीचं नाव घेतल्यावर राजानं हात जोडले. त्यानं फोडशास्त्र्यांना विचारलं, अर्थ काय. शास्त्र्यांनी बोटं मोजली, डोळे मिटले, उघडले. "अ म्हणजे नाही. पर्ण म्हणजे पान. नाही पान ती अपर्णा. महाराज, हिच्या नावातच पान नाही. हिच्यासाठी पान मांडलंत तर राज्यातल्या झाडांना पान राहायचं नाही."

बघा आता. बारा दिवसांचं लेकरू. त्याला धड मान सावरता येत नाही आणि याला त्याच्यामुळं झाडं वाळताना दिसायला लागली. आणि राजानं काय केलं? मान हलवली.

त्या काळी ताटं नव्हती प्रत्येकाला. पंगत बसली की खाली पानं मांडायची. म्हणून तर आपण अजून स्टीलच्या ताटाला पान म्हणतो. चला, पानं घ्या, असं म्हणतेच ना मी रोज? तर त्या राजवाड्यात रोज शंभर पानं मांडली जायची. राजाचं, राणीचं, शास्त्र्यांचं, पाहुण्यांचं, अगदी शास्त्र्यांच्या पाहुण्यांच्या पाहुण्यांचंही. फक्त अपर्णाचं नाही. ती जेवायची स्वैपाकघराच्या दाराशी उभी राहून, आईनं हातावर घातलेला भात. वरण वाढलं की बोटांतून गळायचं. राजाची मुलगी आणि उभ्यानं हातावर जेवते. राणीनं नवऱ्याला दहादा सांगून पाहिलं. पण कानच नव्हते तिथं, सांगणार कुणाला? शेवटी राणीही पानावर बसायची थांबली आणि लेकीशेजारी उभी राहून जेवायला लागली.

मग अपर्णा तीन वर्षांची झाली. घरात सण होता. ती पंगतीपाशी गेली आणि म्हणाली, "बाबा, माझं पान कुठं आहे?" राजा म्हणाला, "पुढच्या पंगतीला हं." पुढची पंगत बसली आणि उठलीसुद्धा.

मग ती पाच वर्षांची झाली. पुन्हा सण, पुन्हा पंगत. "बाबा, माझं पान?" राजा म्हणाला, "मुलींनी मागून जेवावं." ती मागं थांबली. मागून काय येतं? उष्टी पानं उचलायला माणसं येतात. हे मला कुणी सांगायला नको. मीही नवी सून होते एकेकाळी, मागून जेवणं म्हणजे काय ते मी जेवलेय.

मग ती झाली सात वर्षांची. आणि राजाकडं मोठी मेजवानी निघाली, सात राज्यांचे पाहुणे. अपर्णानं स्वतः केस विंचरले, परकर नेसली आणि सगळ्यांसमोर मध्ये जाऊन उभी राहिली. रडली नाही, बरं का. सरळ म्हणाली, "बाबा, माझं पान मांडा."

पाहुणे बघायला लागले. राजाला लाज वाटली, आणि लाज वाटली की काही माणसं ओरडतात. तो ओरडला, "तुझ्या नावातच पान नाही. जा आत."

अपर्णा आत गेली नाही. ती बाहेर गेली. मागच्या दारानं, गोठ्यावरून, थेट रानात. तिनं विचार केला, नावात नाही तर रानात असेल. पानं सगळी तिकडूनच तर येतात.

पहिल्यांदा तिला केळ भेटली. केळ म्हणाली, "घे की माझं पान. हे बघ, केवढं लांब." अपर्णा म्हणाली, "कापावं लागेल. तुला दुखेल. खाली पडलेलं असलं तर दे." केळीचं पान काही पडत नाही, ते जागीच लोंबतं. पुढं गेली तर पळस. पळस म्हणाला, "माझी घे, पत्रावळ होईल." ती म्हणाली, "पडलेली आहेत का?" पळसाची पडली होती, पण वाऱ्यानं लांब नेली होती. मग आला वड. वडाला तिनं तेच विचारलं. वड म्हणाला, "आहे एक पडलेलं. पण ते त्या बाईंच्या समोर आहे. त्यांना विचार."

वडाखाली एक म्हातारी बसली होती. केस पांढरेशुभ्र, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि समोर एक वाळलेलं पान. ती त्या पानाकडं बघत होती आणि घेत नव्हती.

"आजी, हे पान तुमचं आहे का?"

"नाही गं. मी ते केव्हाच सोडलं. तुझं नाव काय?"

अपर्णानं मान खाली घातली. "माझं नाव वाईट आहे. अपर्णा."

म्हातारी अशी काही हसली की वडावरचे पोपट उडाले. म्हणाली, "अगं, माझंही तेच. ये, बैस."

आणि मग म्हातारीनं तिला सांगितलं. नीट ऐक अपर्णे, इकडं तोंड कर, हे तुझंच आहे. म्हातारी म्हणाली, "मी हिमालयाची मुलगी. माझ्या मनात आलं की लग्न करीन तर शंकराशी. आता तो तर डोळे मिटून बसलेला, अंगाला राख, घर ना दार. आई म्हणाली, अगं, नको. बाबा म्हणाले, नको. मी म्हटलं, माझं ठरलंय. आणि तपाला बसले. आधी धान्य सोडलं. मग फळं सोडली. मग नुसती झाडाखाली पडलेली वाळकी पानं खायचे. एक दिवस तीही सोडली. झाडांचा जीव कळवळला. म्हणायला लागली, घे गं बाई, एक तरी घे. मी म्हटलं, नको. तेव्हापासून मला म्हणायला लागले अपर्णा. पानसुद्धा न घेणारी."

अपर्णा म्हणाली, "मग शेवटी शंकर मिळाला?"

"न मिळून जातोय कुठं? स्वतः आला चालत."

अपर्णानं आपले रिकामे तळहात बघितले. मग म्हणाली, "मलाही घरी पान नाही. म्हणजे मीही तुमच्यासारखीच का?"

आणि तिनं सगळं सांगितलं. हातावरचा भात, बोटांतून गळणारं वरण, पुढची पंगत, मागची पंगत. ते ऐकताना म्हातारीचं हसू गेलं. तिचे डोळे असे लाल झाले की वडाच्या पारंब्या मागं सरकल्या. ती म्हणाली, "नाही. तू माझ्यासारखी नाहीस. मी पान सोडलं ते माझ्या मनानं. मला कुणी पानावरून उठवलं नव्हतं. माझ्या नावाचा आधार घेऊन एका लेकराला उपाशी उभं करतात? कुणी सांगितला त्यांना हा अर्थ?"

एवढंच बोलली. पण झाडांनी ते ऐकलं. आणि झाडांना आला राग.

इकडं राजवाड्यात काय, पंगत बसली होती. राजा म्हणाला, वाढा. पहिली वाढ केळीच्या पानांवर. भात पडला, वरण पडलं, वर तूप पडलं, आणि पानं आपली सुरळी करून उभी राहिली. सगळं जेवण पाहुण्यांच्या मांडीवर. राजा म्हणाला, पत्रावळी आणा. पत्रावळी आल्या. त्यांच्यावर वाढलं मात्र, टाक्यांच्या काड्या पटापट निघाल्या आणि पानं चहूकडं पांगली. राजा म्हणाला, मग वडाची पानं आणा. ती तर वाढायच्या आधीच उडाली आणि एकेक पान प्रत्येक पाहुण्याच्या तोंडावर जाऊन बसलं. फोडशास्त्र्यांच्या तोंडावर दोन बसली.

ती पानं कशीबशी सोडवून शास्त्री म्हणाले, "बघा महाराज, मी सांगत नव्हतो? राज्यातली पानं चालली. त्या मुलीच्या नावाचा हा प्रताप."

आता सांगा. तिच्यासाठी पान मांडलं तर पानं जातील, म्हणाला होता ना हा? सात वर्षांत एकदा तरी मांडलं होतं का? नाही. तरी पानं गेलीच. पण हे विचारणार कोण? राजा म्हणाला, "मग उपाय?" शास्त्री म्हणाले, "सोपा आहे. नाव बदलू. मुलीला हाक मारा."

मुलगी होती कुठं? सगळ्या राजवाड्यात शोधलं. मग राणी म्हणाली, ती रानात गेली. राणीला माहीत होतं, तिनंच मागचं दार उघडं ठेवलं होतं. निघाले सगळे रानाकडं, राजा, राणी, शास्त्री, मंजुळाआत्या, पाहुणे. रान गच्च मिटलेलं. पान पानाला चिकटलेलं, आत बोट शिरेना.

राजानं हाक मारली, "राजकन्ये, ये." रान हललं नाही. राजानं दुसरी हाक मारली, "अन्नपूर्णे, ये. हेच तुझं ठरलेलं नाव." रान हललं नाही. तेव्हा फोडशास्त्री पुढं झाले. म्हणाले, "मी नवीन नाव काढलंय. अ काढला, सु लावला, झालं काम. सुपर्णे, ये." तर झाडांनी वरून त्यांच्या डोक्यावर कावळ्यांनी खाल्लेल्या उंबरांचा सडा घातला.

आता राजा घाबरला. पहिल्यांदाच त्याला वाटलं, पोर गेली. शास्त्र्यांकडं बघितलं तर ते डोक्यावरची उंबरं काढत होते. राजा मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

तेव्हा मंजुळाआत्या पुढं आली. सात वर्षं तिनं पोटात दडवलं होतं ते बाहेर पडलं. म्हणाली, "दादा, मी खोटं बोलले. देवीनं काही वदवलं नव्हतं. माझ्या पाठीत धपाटे बसले आणि नाव मोडलं. मोडलं ते माझ्या तोंडात. शिक्षा त्या पोरीला कशाला देतोस? आणि मोडकं असो, कसं असो, मी तिच्या कानात घातलेलं तेच एक नाव आहे. तिला ओ द्यायला दुसरं नावच नाही." आणि तोंडाला दोन्ही हात लावून तिनं हाक मारली, "अपर्णे, अगं ए अपर्णे."

आतून आवाज आला, "ओ, आत्या."

रान उघडलं. अपर्णा बाहेर आली, आणि तिचा हात धरून म्हातारी. म्हातारीनं कुणाला नमस्कार केला नाही. सरळ शास्त्र्यांपाशी गेली. "काय हो, अ म्हणजे काय?"

"नाही," शास्त्री म्हणाले.

"कोण नाही म्हणालं?"

शब्द फोडायला बसला की माणसाला हे विचारायचं सुचतच नाही, कोण नाही म्हणालं.

"मी म्हणाले," म्हातारी म्हणाली. "मी नाही म्हणाले, पानाला. माझ्या नावातला अ माझा आहे. तो तुम्ही उचललात आणि या पोरीच्या तोंडावर मारलात." मग आत्याकडं वळली. "आणि तू गं, खोटं बोललीस असं तुला वाटतं. अन्नपूर्णा कोण आणि अपर्णा कोण? दोन्ही मीच. दोन्ही नावांनी मीच ओ देते. पण खरं बोलायला सात वर्षं लावलीस, ते काही बरं केलं नाहीस."

तेव्हा राजाच्या लक्षात आलं, समोर कोण उभं आहे ते. त्यानं लोटांगण घातलं. "आई, चुकलो. मला क्षमा कर."

"मला कशाला विचारतोस? मी काय उपाशी आहे? तिला विचार."

राजा उठला. सात वर्षांच्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसला. "अपर्णे, काय करू?"

अपर्णा म्हणाली, "माझं पान मांडा. तुम्ही मांडा."

केळीनं आपणहून एक पान वाकवून दिलं. राजानं तिथंच जमीन झाडली आणि पान मांडलं, तेही उलटं. आयुष्यात कधी मांडलं होतं का त्यानं? अपर्णा म्हणाली, "टोक डावीकडं येतं, बाबा." दाराशी उभं राहून सात वर्षं बघितलं होतं तिनं, तिला सगळं पाठ होतं. राजानं पान फिरवलं. मग वाड्यातून जेवण मागवलं आणि मीठ वाढलं, लिंबू वाढलं, चटणी, कोशिंबीर, भाजी, मधोमध भाताची मूद, वर वरण, वर तूप. अपर्णा मांडी घालून बसली. वरण भातावरून पसरलं आणि पानावरच राहिलं. एक थेंब गळला नाही. राणीनं पदर तोंडाला लावला.

राजा वाढतच होता. आणखी भात घे, आणखी लाडू घे. अपर्णा म्हणाली, "नको."

आणि राजा थांबला. वाढता हात तिथंच थांबला. त्याला ऐकू आलं होतं. राज्यातल्या लोकांनी एकमेकांना सांगितलं, महाराजांना कान आले म्हणून.

मग म्हातारी बघतात तर नव्हतीच. तिचं वाळकं पान तेवढं वडाखाली होतं. मग राणीचं पान मांडलं, तेही लेकीच्या शेजारी. पाहुण्यांची पानं मांडली आणि या वेळी ती निमूट राहिली. फोडशास्त्र्यांना राजानं हाकललं नाही. काम दिलं. रोजच्या पंगतीच्या पत्रावळी त्यांनी टाचायच्या. जन्मभर तोडाफोडी केली, आता बसा जोडत. आणि त्या राज्यात रीत पडली ती पडली, पंगतीत पहिलं पान घरातल्या सगळ्यांत लहान मुलीचं. ती बसल्याशिवाय राजासुद्धा हात धुवायचा नाही. पुढं अपर्णाच राणी झाली, आत्या दर वर्षी माहेरी आली, आणि सगळे पोटभर जेवून सुखानं नांदले.

झाली गोष्ट. मुक्ता झोपली वाटतं. पाय पुन्हा माझ्या पोटावर.

अपर्णे, त्या बाई परवा परत भेटतील. विचारतील, काय गं, बोडकं झाड? काय सांगशील मग?

काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, मला ऐकायला कान आहेत.

"पान नसलेली नाही. नको म्हणालेली."

अस्सं. मग सकाळी नाव बदलायचं ना?

"नको."

बरं, नको तर नको. मिट आता डोळे. उद्या जेवताना पहिलं पान तुझं, आणि बाबा मांडेल ते.